तोंडानं भाव सांगणारी गोदाक्का

गोदाक्काच्या घरी आज कुठली भाजी आहे, हे निपाणीतल्या आमच्या गल्लीत कुणाला विचारावं लागत नसे. भाजीवाली दारात टोपली उतरवायची आणि गोदाक्का उंबऱ्यातूनच विचारायची, "दोडका कसा दिलास?" हा प्रश्न गल्लीच्या टोकाला दाढी करून घेणाऱ्या माणसालाही ऐकू जायचा. भाजीवाली बिचकून हळूच काहीतरी पुटपुटायची. "मोठ्यानं सांग की गं. चोरीचा हाय काय दोडका?" असं म्हणून गोदाक्का तिच्याकडून भाव मोठ्यानं वदवून घ्यायची. मग शेजारच्या बायका त्याच भावानं दोडका घ्यायला पदर खोचून बाहेर यायच्या. भाजीवाल्या गोदाक्काच्या नावानं बोटं मोडत आणि तरीही रोज आधी तिच्याच दारात बसत.

इंग्रजीचा मास्तर म्हणून मी बेळगावहून निपाणीला गेलो ते मंदीचे दिवस होते. गोदाक्काच्या तंबाखूच्या वखारीवर एक माडी होती, ती मला भाड्यानं मिळाली. खाली तंबाखूची पोती आणि वर मी. सुरुवातीचे काही दिवस मी फक्त शिंकलो. वर्गात शिंकलो, जेवताना शिंकलो, हेडमास्तरांना नमस्कार करता करता शिंकलो. सकाळी जिना उतरलो की गोदाक्का वखारीच्या दारातून विचारायची, "काय मास्तर, आज शिंकांचा चढ हाय का उतार?" स्वतः ती त्या वासात बसून भाकरी खायची, पण तिला कधी साधी शिंक आलेली मी पाहिली नाही.

चढउतार हा तिचा लाडका शब्द. विहिरीच्या पाण्याला चढउतार, म्हशीच्या दुधाला चढउतार, शेजारणीच्या रागाला चढउतार. माझ्या उत्साहालासुद्धा तो होता. "सोमवारी चढ, शनवारी उतार. तुमचं अगदी बाजारावानी हाय, मास्तर," ती म्हणायची. मला एकदा हिवताप आला. तेव्हा दर तासाला ती जिन्याखाली उभी राहून विचारी, "चढताय का उतरताय? मधीच हाय म्हणू नका. ताप मधी ऱ्हात न्हाय." तापात मला तिचा भयंकर राग आला होता. पण माझ्या उशाशी उकड्या तांदळाची पेज आणि लिंबाचं लोणचं न सांगता येत होतं, ते काय आपोआप येत होतं?

ती तेव्हा चाळिशी ओलांडलेली असावी. उंच, हाडापेरानं मजबूत, मोकळं कपाळ, आणि डोक्यावरून घट्ट ओढलेला जाडाभरडा पदर. यजमान वारून वर्ष झालं होतं. मूलबाळ नव्हतं. यजमान तंबाखूची अडत चालवायचे. शेतकरी आपला माल गाड्यांतून त्यांच्या वखारीत आणून टाकायचे, अडते तो व्यापाऱ्यांना विकून द्यायचे आणि आपली दलाली घ्यायचे. यजमान गेल्यावर भाऊबंदांनी सुचवलं, वखार विकावी आणि हरी हरी करत बसावं. गोदाक्कानं सगळ्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच वखारीचं कुलूप काढलं.

माल तिला कळायचा. पान तळहातावर चुरून, नाकाशी धरून ती कुठल्या शिवारातला ते सांगे. व्यापारी तर तिला पानापेक्षाही जास्त कळायचे. समोरच्या हॉटेलात ते चहाला जमत, तेव्हा ती गादीवरून नुसती बघत बसे. "आज भरमाप्पा दोन डाव हसला. माल सस्त्यात गावलाय त्याला," ती म्हणे. भरमाप्पा म्हणजे तिथला सगळ्यात जुना व्यापारी, तिच्या सासऱ्यांच्या वयाचा, आणि हसण्याच्या बाबतीत फार काटकसरी. तिचा अंदाज संध्याकाळपर्यंत खरा ठरलेला असे.

फक्त एक गोष्ट तिच्या हातात नव्हती, आणि सगळा धंदा त्या एका गोष्टीवर चाले. निपाणीत तेव्हा भाव तोंडानं ठरत नसे. व्यापारी आणि दलाल एकमेकांचा हात हातात घेत, वरून रुमाल टाकत, आणि त्या रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवत. इतकी बोटं म्हणजे इतके रुपये, नुसतं पेर दाबलं तर इतके आणे. वरून दोघांचे चेहरे देवळातल्यासारखे शांत. शेतकरी बाजूला उभा राहून रुमालाची हालचाल बघायचा. रुमाल निघाला की दलाल त्याला भाव सांगायचा, आणि त्याचं तोंड पडलं तर वर म्हणायचा, "बाजारात चढउतार हाय बाबा, काय करणार?"

आता विधवा बाई परपुरुषाच्या हातात हात कसा देणार? म्हणून रुमालाचं काम तिचा धाकटा दीर बाळाप्पा करी. गोरागोमटा, गोडबोल्या, कुणाच्याही लग्नात पुढं पुढं करणारा गडी. सगळ्यांना तो आवडायचा. मलाही आवडायचा. त्यानं मला निपाणीत पहिल्याच आठवड्यात चांगला धोबी मिळवून दिला होता.

बिंग फुटलं ते हळदीकुंकवाच्या दिवसांत. गोदाक्का हळदीकुंकवाला जात नसे, पण तिच्याकडे बायका सगळ्या यायच्या. एका व्यापाऱ्याची बायको सहज बढाईच्या सुरात म्हणाली, "तुमच्या वखारीतला माल आमच्या ह्यांनी लई चढा भाव देऊन घेतला गं आक्का." आणि तिनं आकडा सांगितला. बाळाप्पानं शेतकऱ्यांना सांगितलेला भाव त्याहून बराच कमी होता. गोदाक्कानं त्या बाईला आणखी एक लाडू दिला.

संध्याकाळी मी माडीवर वह्या तपासत होतो. खालून सगळं ऐकू येत होतं. अर्थात गोदाक्का बोलत असताना कान बंद करूनही उपयोग नसतो.

"वैनी, सगळीच दलालं असंच करत्यात," बाळाप्पा सांगत होता. "अण्णा बी करायचा."

अण्णा म्हणजे गोदाक्काचे यजमान. मग गोदाक्का म्हणाली, "करत असतील. मला कधी त्यांनी सांगितलं न्हाय, आन मी कधी विचारलं न्हाय. आता कळलंय. चढ तुला आन उतार शेतकऱ्याला, ह्यो कसला चढउतार रं?"

"मग दुसरा गडी ठेव रुमालाला."

"हात बदलून काय हुतंय? रुमाल त्योच की. माझ्या वखारीत भाव तोंडानं. चारचौघांत. ज्याला घ्यायचाय त्यानं घ्यावा."

बाळाप्पा त्या वेळी मोठ्यानं हसला. तोंडानं भाव सांगायचा म्हणजे भर बाजारात धोतर सोडण्यासारखं होतं ते. पुढच्याच हंगामात त्यानं समोर स्वतःची वखार घातली.

त्या सुगीला शेतकरी मात्र गोदाक्काकडे आले. बोरगावचे आले, घाटापलीकडचे आले. घाटापलीकडच्यांत सत्याप्पा नावाचा एक उंचापुरा, कमी बोलणारा शेतकरी होता. त्याचा माल वखारीत सगळ्यात चांगला. माल रचला गेला, वखार छतापर्यंत भरली. आणि एकही व्यापारी आत येईना. ते हॉटेलात चहा पीत, गोदाक्काच्या दारावरून जाताना आदरानं मान लववत, आणि बाळाप्पाच्या वखारीत शिरत. तोंडानं भाव बोलला तर उद्या सगळीकडे तोच भाव मागतील, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दिवस जाऊ लागले आणि भाव उतरू लागला. शेतकरी वखारीच्या अंगणात पथारी पसरून बसले. गोदाक्का त्यांना भाकरी-पिठलं वाढायची. सत्याप्पा एकदा जेवता जेवता म्हणाला, "आक्का, एक डाव पडू दे की रुमाल."

"त्येच्याखाली काय चालतंय ठाव हाय का तुला?"

"न्हाय ठाव. त्येच बरं वाटतंय आता."

ती पिठलं वाढत राहिली. त्यांचा सगळ्या वर्षाचा माल तिच्या शब्दावर अडकून पडला होता. चुकलं तर तिची वखार जाणार होतीच, पण त्यांची सुगीही तिच्यापायी मातीत जाणार होती. त्या दिवसांत तिनं मला इंग्रजी वर्तमानपत्रातला बाजारभाव वाचायला लावला. त्यात फ्लक्चुएशन हा शब्द होता. तिनं अर्थ विचारला. मी मास्तरी आवेशात सांगितलं, मूळ शब्द लाटेचा आहे. लाटेसारखं वरखाली होणं. ती म्हणाली, "लाट खाली गेली तर परत वर येतीया. हितं वर कोण आलेलं दिसत न्हाय मला, मास्तर." शब्दकोशात तेवढाच अर्थ होता.

शेवटी ती म्हणाली, कायदा काय म्हणतो ते बघू. बेळगावात माझ्या मामांच्या ओळखीचे एक वकील होते. आम्ही सर्व्हिस मोटारीनं गेलो. ती बायकांच्या बाकावर, मी मागं. वकीलसाहेब सज्जन होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तिला खुर्ची दिली. ती खुर्चीवर न बसता उभीच राहिली.

"चढउतार कशाला म्हणत्यात कायद्यात?" तिनं विचारलं.

वकीलसाहेब म्हणाले, "बाजारात नेहमीच्या रीतीनं जो फरक पडतो, त्याला. करारात तो धरलेला असतो, त्याबद्दल कुणाला दोष देता येत नाही. कुणी मुद्दाम लबाडी केली तर तो चढउतार नव्हे, ती फसवणूक. पण ती सिद्ध करावी लागते. आणि बाई, रुमालाखाली काय झालं याला साक्षीदार कोण आणणार?"

"मंजी कायदा रुमालाला बंदी करत न्हाय."

"नाही. ती तुमच्या बाजाराची रीत आहे." मग तिचा उतरलेला चेहरा बघून ते जरा थट्टेनं म्हणाले, "तसा तुम्हाला रुमालाखाली हात घालायलाही कायदा बंदी करत नाही."

परतीच्या वाटेवर ती नुसती खिडकीबाहेर बघत बसली होती. काकती मागं गेली, संकेश्वर गेलं, घाट आला. माझ्या मनात आलं, बाई खचली. मला फार वाईट वाटत होतं. धीराचं काहीतरी बोलावं म्हणून मी वाक्यं जुळवत होतो, आणि एकही धड जुळत नव्हतं.

त्यानंतरचा बाजाराचा दिवस होता. शाळेला सुट्टी होती म्हणून मी माडीच्या खिडकीत होतो. समोरच्या हॉटेलात भरमाप्पासकट सगळे व्यापारी जमलेले. गोदाक्का वखारीतून बाहेर आली. दारात माल तोलायचा मोठा काटा होता, त्याच्या कट्ट्यावर ती बसली. आणि हॉटेलाकडे बघून, दोडक्याचा भाव विचारायच्या आवाजात म्हणाली, "भरमाप्पा, तुमचा रुमाल द्या जरा."

भरमाप्पा गोंधळला. पण सुनेच्या वयाच्या बाईनं रुमाल मागितला तर नाही कसं म्हणणार? त्यानं पोराहाती पाठवला. गोदाक्कानं तो झटकला, उजव्या हातावर पसरला, आणि हात पुढं केला.

"तुमची रीत मोडायची न्हाय मला," ती म्हणाली. "ह्यो हात. ह्यो रुमाल. वखारीत माल हाय, समद्यांनी बघितलेला हाय. या. कोण धरतंय हात?"

मापाडी थांबला, गाडीवाले थांबले. हॉटेलवाल्यानं चहा ओतता ओतता किटली हवेतच धरली. एवढे मोठे मिशावाले व्यापारी, पण एकाची मान वर होईना. भर बाजारात विधवेचा हात धरणारा माणूस घरी काय तोंड दाखवणार होता?

बाळाप्पा समोरून धावत आला. "वैनी, आत चल. घराण्याची अब्रू हाय काय न्हाय?"

"तू धरतोस काय?" तिनं हात तसाच त्याच्याकडे वळवला.

बाळाप्पा दोन पावलं मागं सरला. कुणीतरी मागून हसलं. पण गोदाक्का हसत नव्हती. मी वरून बघत होतो. तिचा हात तसाच पुढं होता. किती वेळ गेला कोण जाणे. मला तो फार वाटला.

मग भरमाप्पा उठला. काठी टेकत रस्ता ओलांडून आला आणि कट्ट्यापासून हातभर अंतरावर थांबला. जमिनीकडे बघत म्हणाला, "पोरी, हात आत घे. सांगतो भाव."

"मोठ्यानं सांगा."

त्यानं भाव सांगितला. मोठ्यानं सांगितला. बाजारात पहिल्यांदा शेतकऱ्यांनी आपल्या मालाचा भाव आपल्या कानांनी ऐकला, आणि मला आठवतं, अंगणातले ते सगळे एकदम उठून उभे राहिले.

"कमी हाय," गोदाक्का म्हणाली. "फुडं कोण बोलतंय?"

आता मिशावाल्यांना जोर आला. एकानं आणा वाढवला, दुसऱ्यानं त्यावर. भरमाप्पा पुन्हा बोलला. चेष्टामस्करी सुरू झाली. भाव थोडा थोडा चढत गेला आणि एके ठिकाणी थांबला. "आय्तु," गोदाक्कानं कानडीत मिटवून टाकलं, रुमालाची नीट घडी केली, आणि तो भरमाप्पाला परत दिला. आत जाऊन ती पोत्यावर मटकन बसली. मी खाली गेलो तर मला म्हणाली, "पाणी द्या मास्तर." तांब्या तिला दोन्ही हातांनी धरावा लागला.

गोष्ट इथं संपली असती तर मला सांगायला किती बरं वाटलं असतं. पण माल अडून राहिला त्या दिवसांत बाजार बराच खाली गेला होता. तोंडानं चढवून चढवून आलेला भावही, हंगामाच्या तोंडाला बाळाप्पाच्या रुमालाखाली जो मिळाला, त्याच्याहून कमीच होता. सत्याप्पानं रिकाम्या गाड्या जुंपल्या. निघताना तो म्हणाला, "आक्का, आधी रुमाल पडला असता तर जास्त आलं असतं."

"आलं असतं," गोदाक्का म्हणाली. तिनं चढउताराचं नाव काढलं नाही. त्या सालची दलाली तिनं कुणाकडूनच घेतली नाही, पण त्यानं त्यांचं नुकसान भरून निघणार नव्हतं, आणि ते तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. सत्याप्पा बैलांना हाकत निघून गेला.

पावसाळाभर वखार रिकामी होती. समोर बाळाप्पाकडे बसायला येणारे शेतकरी पुढच्या सालचा माल आत्ताच त्याला बोलून जात होते. ती गादीवरून बघायची. बोरगावच्यांनी तर तिच्या डोळ्यांदेखत बाळाप्पाकडे माल घालायची सुपारी घेतली. भाजीवाली यायची तेव्हा गोदाक्का भाव विचारायची, पण इतकं हळू की भाजीवालीच म्हणायची, "मोठ्यानं बोला की आक्का." गल्लीला आता तिच्या भाजीचा पत्ता लागेना. मला ते सहन होत नसे. मी उगाच काहीबाही विषय काढायचो, शाळेतले विनोद सांगायचो. ती माझं मन राखायला हसायची.

"मास्तर, एक विचारू?" एकदा ती म्हणाली. "मी खरं केलं का माझा हट्ट केला?"

मी म्हणालो, "खरं केलंत."

"तुम्ही तंबाखू पिकवत न्हाय," ती म्हणाली, आणि कंदील पुसायला लागली.

पुढच्या सुगीच्या तोंडावर माझी बेळगावला बदली झाली. निघायच्या सकाळी तिनं फडक्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तेच लिंबाचं लोणचं बांधून दिलं. "पत्र टाका. पर इंग्रजीत नको," म्हणाली. त्या आठवड्यातच गाड्या यायला सुरुवात झाली होती आणि दोन-तीन तिच्या दारावरून पुढं जाऊन बाळाप्पाकडे वळल्या होत्या. वखार तिनं झाडून, सारवून ठेवली होती. काट्याला तेल दिलं होतं. मी वळून पाहिलं तेव्हा ती दारात उभी होती, पदर दातात धरून, रस्त्याच्या टोकाकडे नजर लावून. मला निरोपाचा हात करायचंही तिच्या ध्यानात राहिलं नाही.

तवंदीच्या घाटात मोटार तापली आणि ड्रायव्हर पाणी आणायला उतरला. आम्हीही उतरलो. वरून तंबाखूच्या गाड्यांची रांग सावकाश उतरत येत होती. पहिल्या गाडीवर सत्याप्पा होता. मी पुढं झालो. विचारायचा धीर होत नव्हता, तरी विचारलं.

"कुणाकडं निघाला माल?"

"आक्काकडं."

"गेल्या साली भाव कमी आला होता की."

"आलता," सत्याप्पा म्हणाला. त्यानं बैलांना थोपवलं. "कमीच आलता, मास्तर. पर म्या कानानं ऐकलता. माझ्या बाला त्येच्या उभ्या जल्मात कुणी ऐकू दिला न्हाय." मग मागच्या गाड्यांकडे मान वळवून म्हणाला, "ही समदी तिकडंच निघाल्यात."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मोटार बेळगावच्या बाजूला चढायला लागली आणि गाड्या निपाणीकडे उतरायला लागल्या. मला उडी मारून परत जावंसं वाटत होतं, तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं. मागच्या खिडकीतून मी शेवटची गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत राहिलो. त्या गाड्या निपाणीला पोचायला अजून दुपार होणार होती, आणि तोवर गोदाक्का दारात तशीच उभी असणार होती.